प्राणरक्षणाची विद्या आणि तिचा अधिकार

आमच्या कोकणांत गांवठी औषध देणाऱ्या मनुष्यास औषधाचें नांव विचारणें हा असभ्यपणा समजतात. कोणास विंचू चावला, कोणाच्या गुरास पान लागलें, म्हणजे तो पहांटे एकटाच रानांत जातो, मुळी आणून उगाळून देतो, आणि ती कशाची हें घरच्या माणसांसही सांगत नाहीं. सांगितलें कीं औषधाचा गुण जातो, अशी समजूत. लहानपणीं या समजुतीचें आम्हांस हसूं येई. इंग्रजी शिकल्यावर तिचा राग येऊं लागला. आणि आतां पन्नाशी उलटल्यावर तिच्यांत कांहीं विचार करण्याजोगें असावें असें वाटूं लागलें आहे. मुळीचा गुण सांगितल्यानें जातो, हें अर्थात् खरें नव्हे. परंतु ज्या मनुष्यानें विद्या आपल्यापाशीं ठेविली, त्यानें तिजबरोबर एक ओझेंही आपल्यापाशीं ठेविलें होतें. मध्यरात्रीं कोणी आलें तर त्यासच कंदील घेऊन उठावें लागे. विद्या एकाची, म्हणून जबाबदारीही एकाची. तीच विद्या उद्यां साऱ्या गांवाची झाली, तर रात्रीं दार कोणाचें ठोठावावयाचें?

हा प्रश्न आज काढण्याचें कारण असें कीं, प्राणावर बेतलें असतां पहिल्या घटकेंत काय करावें ही विद्या आतां खरोखरच साऱ्या गांवाची झाली आहे. निदान तशी व्हावयास पूर्वींची अडचण उरलेली नाहीं. आपत्कालीन वैद्यक ही शाखा वयानें लहान. आपल्या देशांत तिच्या एम. डी. पदवीस मान्यता मिळाली ती २००९ सालीं. या लहान वयाचा तिला एक फायदा झाला. जाड्या ग्रंथांची आणि त्या ग्रंथांवर जगणारांची मिरास तिच्यावर फारशी बसली नव्हती. देशोदेशींच्या तरुण डॉक्टरांनीं आपल्या रात्रपाळींतले अनुभव, हृदयाचे आलेख, क्ष-किरणांचीं चित्रें, श्वासनलिकेंत नळी घालण्याच्या युक्त्या इंटरनेटवर विनामूल्य मांडण्यास सुरुवात केली, आणि २०१२ सालीं डब्लिन येथें परिषदेसाठीं जमले असतां या उद्योगाचें 'मुक्त वैद्यकीय शिक्षण' असें बारसेंही केलें. तें बारसें एका मद्यालयांत झालें, ही गोष्ट आमच्या सोवळ्या वाचकांनीं मनावर घेऊं नये. मूल गुणी निघालें. जागतिक आरोग्य संघटनेची सर्पदंशावरील मार्गदर्शिका २०१६ पासून, आणि प्राथमिक आपत्कालीन शुश्रूषेचा पाठ्यक्रम २०१८ पासून, कोणासही फुकट वाचतां येतो. अतिदक्षतेच्या भारतीय संघटनेचें नियतकालिकही तसेंच खुलें आहे.

यांतली एकच गोष्ट नमुन्यादाखल सांगतों. आमच्या सड्यावर फुरसें पुष्कळ. फुरसें चावलेल्या माणसाच्या अंगांत विष भिनलें आहे कीं नाहीं हें ठरविण्यास यंत्र लागत नाहीं. स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत त्याचें थोडें रक्त घ्यावें, वीस मिनिटें न हलवितां ठेवावें, मग नळी कलती करावी. रक्त वाहूं लागलें, गोठलें नाहीं, तर प्रतिविष द्यावयाचें. ही परीक्षा आडगांवच्या केंद्रांतही करतां येते. पण ती माहीत असावी लागते, आणि नळी साबणानें धुतलेली नसावी हेंही माहीत असावें लागतें, नाहींतर उत्तर फसवें येतें.

विद्या बंद असणें आणि खुली असणें यांत अंतर किती, हें समजावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आले. तांबडा विंचू चावलेला मनुष्य प्रथम घामानें निथळतो, त्याचे हातपाय गार पडतात, आणि कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरून, तोंडास फेंस येऊन तो दगावतो. त्या काळीं अशा गंभीर रुग्णांपैकीं शेंकडा तीस-चाळीस जात. पुस्तकांत सांगितलेल्या उपायांनीं गुण येत नसे. या तरुण डॉक्टरानें रुग्णाच्या उशाशीं बसून काय काय होतें तें टिपून ठेविलें. विषामुळें शरीरांतील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या ओझ्याखालीं थकतें, असें ध्यानांत आल्यावर, रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नांवाची रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनीं दिली. मृत्यूचें प्रमाण उतरत उतरत अगदीं थोड्यावर आलें. त्यांचीं निरीक्षणें १९८२ सालीं, आणि प्राझोसिनचा अनुभव १९८६ सालीं, लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, हें सर्वांस माहीत आहे.

आमचें लक्ष वेधतें तें दुसऱ्या गोष्टीनें. विंचू कोकणांतला, रोगी कोकणांतला, डॉक्टर कोकणांतला, उपायही कोकणांतच सांपडलेला. परंतु वैभववाडीच्या किंवा देवगडच्या डॉक्टरास तो छापील रूपांत कळावयाचा, तर लंडनमार्गें. 'लॅन्सेट' येई तें मोठ्या शहरांतल्या मोजक्या ग्रंथालयांत. म्हणून ज्यानें उपाय शोधला त्यासच तो गांवोगांव सांगत हिंडावें लागलें. आतां १९८६ च्या पुढें एखाद्या आडगांवीं, जुनेंच औषध टोंचून घेऊन जो शेतकरी मेला असेल, त्याच्या मृत्यूचा दोष कोणाचा? डॉक्टराचा म्हणवत नाहीं. त्यास कळावयाचा मार्गच नव्हता. शोध लावणाराचा तर नव्हेच. दोष, म्हणावयाचा तर, त्या बंद कपाटाचा. पुढें २०११ सालीं बावस्करांनीं महाडच्या ७० रुग्णांवरील दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या प्राझोसिननें दहा तासांत शेंकडा २३ रुग्ण पूर्ण बरे झाले, तर विंचवाचें प्रतिविष जोडीस दिल्यानें शेंकडा ९१. हा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आला, आणि त्यांतले संशोधनलेख कोणासही विनामूल्य वाचतां येत असल्यामुळें, तो लंडनच्या डॉक्टरास आणि वैभववाडीच्या डॉक्टरास एकाच दिवशीं उपलब्ध झाला. पंचवीस वर्षांत तेंच गांव, तोच लेखक, तोच विंचू. कपाट तेवढें उघडलें. पूर्वीं अज्ञान हें दारिद्र्य होतें. आतां तें हळूहळू आळसाच्या सदरांत जाऊं लागलें आहे. हें वाक्य लिहितांना हात आखडतो खरा, कारण ज्या डॉक्टरासमोर सकाळपासून रांग लागलेली असते आणि पावसाळ्यांत ज्याच्या गांवीं वीजच चार चार तास नसते, त्यास आळशी म्हणणें आम्हां सुटी उपभोगणाऱ्या प्राध्यापकांस शोभत नाहीं.

यावर जाणते लोक म्हणतील कीं, खुली विद्या म्हणजे कच्ची विद्या. ज्यास त्यास ती देणें म्हणजे पोराच्या हातीं कोयता देणें. हा आक्षेप पोकळ नाहीं. कोविडच्या साथींत, २०२० सालीं, परीक्षण न झालेले शोधनिबंध रोज इंटरनेटवर येत आणि त्यांच्यावरून उपचार ठरत. बऱ्या झालेल्या रुग्णांचें रक्तद्रव आजाऱ्यांस देण्याचा प्रकल्प महाराष्ट्र शासनानें त्या वर्षींच्या जूनमध्यें मोठ्या प्रमाणांत सुरू केला. घरोघरचीं माणसें तें रक्तद्रव मिळवावयास रात्ररात्र फोन करीत बसलीं. ऑक्टोबरांत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ३९ रुग्णालयांतील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं त्यानें गुण येत नाहीं. तरीही तो उपाय अधिकृत यादींतून निघावयास २०२१ चा मे उजाडला. येथें चूक जशी खुलेपणानें पसरली, तशी दुरुस्तीही खुलीच होती. पण दुरुस्तीस चूक जितकी गोड लागते तितकी गोडी नसते.

हाच प्रकार जुनाही आहे. बुडालेल्यांस वांचविण्यासाठीं आम्स्टरडॅम येथें १७६७ सालीं एक संस्था निघाली आणि तिनें सामान्य लोकांसाठीं सूचना छापून वांटल्या. त्यांत तोंडानें तोंडांत श्वास फुंकावा हा खरा उपाय होता. आणि त्याच पत्रकांत, भात्यानें गुदद्वारांतून तंबाखूचा धूर भरावा, हाही होता. खरें-खोटें एकाच कागदावर. तंबाखूचें सत्त्व हृदयास घातक आहे असें १८११ सालीं ब्रॉडी यांनीं दाखविल्यावर धूर मागें पडला. तें पत्रक गुप्त असतें तर त्यांतला धूर कोणी तपासला असता काय? विद्येच्या राखणदारांनीं केलेली दिरंगाई मात्र सहसा कोणी मोजीत नाहीं. थांबलेलें हृदय छातीवर दाब देऊन चालवितां येतें आणि त्यास दोन हातांपलीकडे कांहीं लागत नाहीं, हें बाल्टिमोरच्या तिघां संशोधकांनीं १९६० सालीं दाखविलें. असें असतां १९६६ च्या अमेरिकन परिषदेनें ही रीत वैद्यकीय पेशाच्या लोकांसच शिकवावी असें ठरविलें. सामान्य माणसाचा नंबर लागला तो १९७४ च्या नियमांत. मधल्या आठ वर्षांत घराच्या ओसरीवर, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत जे गेले, त्यांस कच्च्या विद्येपासून सुरक्षित ठेवण्यांत आलें होतें, इतकेंच म्हणतां येईल.

येथवर निबंध खुल्या विद्येच्या बाजूनें सरळ चालला आहे, आणि आमची स्वतःची गोष्ट वगळली असती तर तो असाच डौलानें संपलाही असता. पण ती वगळणें अप्रामाणिकपणाचें होईल.

एका मे महिन्यांत, सायंकाळीं, आम्ही आमच्या गांवच्या वाळूवर फिरावयास गेलों होतों. हा किनारा दिसावयास शांत, पण ओढीला दगाबाज. २०१७ च्या एप्रिलांत वायरीच्या समुद्रांत बेळगांवच्या महाविद्यालयाचे आठ जण एकाच दिवशीं बुडाले, हें पुष्कळांस आठवत असेल. त्या सायंकाळीं रापणीच्या लोकांनीं एका परगांवच्या तरुणास पाण्यांतून ओढून आणलें. त्याचा श्वास चालत नव्हता. चौघांनीं त्यास पालथा घालून पाठ दाबली, मग उताणा करून पोट दाबलें. एकानें पाय धरून त्यास उलटा उचलला. तोंडांतून पाणी आलें तेव्हां जमलेल्या बायकांनीं देवाचें नांव घेतलें. आम्ही दहा हातांवर उभे होतों, आणि जें चाललें आहे तें चुकीचें आहे हें आम्हांस माहीत होतें.

तें माहीत होतें, कारण पंधराच दिवसांपूर्वीं, झोंप येईना म्हणून, आम्हीं फोनवर एका परदेशी डॉक्टराचें व्याख्यान ऐकलें होतें. हृदयविकारानें एकाएकीं कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तांत कांहीं मिनिटांचा प्राणवायु शिल्लक असतो, म्हणून तेथें नुसती छाती दाबूनही आरंभीं निभावतें. आपल्याकडील भूलतज्ज्ञांनीं २०१७ सालीं सामान्य जनांसाठीं सांगितलेली सोपी रीत ही याच प्रसंगासाठीं. बुडालेल्याचें तसें नाहीं. त्याचें हृदय थांबतें तेंच मुळीं प्राणवायु संपल्यामुळें. म्हणून त्यास अगोदर श्वास द्यावयाचा; युरोपांतील नियमाप्रमाणें पांच वेळां; मग छाती दाबावयाची. पोट दाबून जें पाणी निघतें तें बहुधा जठरांतलें. त्यानें फुप्फुस मोकळें होत नाहीं. उलट वांती श्वासनलिकेंत उतरण्याचें भय असतें, आणि त्या खटाटोपांत गेलेलीं मिनिटें परत येत नाहींत. हें सारें आम्हांस धड्यासारखें पाठ होतें. आम्ही बोललों नाहीं.

कां बोललों नाहीं, याचीं कारणें त्या रात्रीं आम्हीं पुष्कळ जुळविलीं. कायद्याचें भय म्हणावें, तर १८६० च्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमापासून, शुद्ध हेतूनें आणि दुसऱ्याच्या हितासाठीं केलेल्या कृत्यास संरक्षण आहे, आणि तोच आशय २०२४ सालीं अमलांत आलेल्या न्याय संहितेनेंही राखला आहे. अपघातग्रस्तांस मदत करणारासाठीं तर २०१९ सालीं मोटार कायद्यांत स्वतंत्र कलम आलें. खरें कारण याहून लाजिरवाणें आहे. आम्हीं जन्मांत कोणाच्या छातीवर हात ठेविला नव्हता. ज्यांनीं लाटांत उडी घेऊन तो देह बाहेर आणला, त्यांस ज्याचे जोडेही भिजले नाहींत अशा मनुष्यानें 'तुमचें चुकतें आहे' म्हणावें, तर ते म्हणाले असते, 'मग तुम्ही करा'. आणि तें आम्हांस आलें नसतें. १०८ ची रुग्णवाहिका आली. ओरोसचें रुग्णालय तेथून पाऊण तासावर, गोव्याचें बांबोळी दोन-अडीच तासांवर. परंतु त्या तरुणास कोठेंच न्यावयाचें उरलें नव्हतें. आम्ही बोललों असतों तर तो वांचला असता काय, असें आम्हीं एका डॉक्टर मित्रास विचारलें. 'सांगतां येत नाहीं', एवढेंच तो म्हणाला आणि मुलांच्या परीक्षांकडे वळला.

चार दिवसांनीं त्या रापणकरांतल्या एका वृद्धास आम्हीं आमची ऐकीव विद्या सांगितली. तो जाळें सांधीत बसला होता. सगळें ऐकून घेतल्यावर, मान वर न करतां त्यानें विचारलें, "सर, तुमका म्हायत होतां, तर तेवां बोललात कित्याक नाय?"

अधिकार हा शब्द आपल्या देशांत बदनाम झाला आहे, आणि तो योग्य कारणानें. कितीएक पिढ्या त्याचा उपयोग लोकांस विद्येपासून दूर ठेवण्यासाठींच झाला. म्हणून खुल्या विद्येचे कैवारी तो शब्द ऐकूनही घेत नाहींत. परंतु त्याचा एक दुसराही अर्थ आहे, आणि तो जन्माशीं नव्हे तर हाताशीं जोडलेला आहे. सुश्रुतानें शस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्यास आधीं भोपळा, काकडी, कलिंगड यांवर शस्त्र चालविण्याचा सराव करावयास सांगितला आहे. आणि शास्त्र जाणून कर्म न केलेल्या वैद्यास, रोगी समोर येतांच रणांगणांत भित्र्या मनुष्याची होते तशी गत होते असें बजाविलें आहे. हें वाचलें तेव्हां वर्गांत सांगावयास चांगला दाखला मिळाला, एवढेंच आम्हांस वाटलें होतें. भोपळ्याच्या जागीं आज पुतळा आला आहे. नॉर्वेंतील खेळणीं करणाऱ्या लार्डाल नांवाच्या कारखानदारानें १९६० सालीं सरावासाठीं जी बाहुली बनविली, तिचा चेहरा पॅरिसच्या सीन नदींत सांपडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतला, अशी कथा आहे. बुडालेल्या मुलीच्या ओठांवर जग श्वास द्यावयास शिकलें. ही कथा खरी नसेल तरी तिजमधला न्याय खरा वाटतो.

तेव्हां विद्या खुली असावी याविषयीं आम्हांस आतांही शंका नाहीं. पण खुल्या कपाटानें वाचणारावर एक कर्ज चढतें, आणि तें वाचून फिटत नाहीं. आमच्यासारख्यांवर तें दुहेरी आहे. ही सारी नवी विद्या मुख्यतः इंग्रजींत आहे. रात्रीं एकटी असणारी उपकेंद्राची परिचारिका, आशाताई, रापणकर, पर्यटकांच्या होडीवरचा पोरगा, यांच्या दृष्टीनें 'लॅन्सेट'चें कपाट अजून बंदच आहे. फक्त किल्ली लंडनहून आमच्या खिशांत आली आहे. आम्हीं इंग्रजीच्या जोरावर नोकरी केली, घर बांधलें, मुलें शिकविलीं. त्या किल्लीचा याहून दुसरा कांहीं उपयोग आहे, हें सुचावयास एक प्रेत पहावें लागलें.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहांत एका परिचारिकेनें दुपारभर पुतळ्यावर शिकविलें. विद्यार्थी आले, होडीवाले आले, तो वृद्धही आला. आमची पाळी आली तेव्हां तिसाव्या दाबालाच दम लागला. ती मुलगी, आमचीच विद्यार्थिनी, अदबीनें पण स्पष्ट म्हणाली, "सर, दाब कमी पडतो आहे. पुन्हा." आम्हीं पुन्हा केलें. पहिले दोन श्वास तर बाजूनेंच निसटले, कारण नाक धरावयाचें राहिलें होतें. व्याख्यानांत तें दोन वेळां सांगितलें होतें.

आतां सुटीच्या दिवशीं आम्ही बुडालेल्याच्या उपचाराचें एक पान मराठींत उतरवीत आहों. होड्यांवर आणि किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर लावावयाचें. पहिल्याच शब्दाशीं अडलों. 'कृत्रिम श्वासोच्छ्वास', 'जीवरक्षक श्वास', 'मुखश्वसन', सगळे शब्द पदवीधरांचे. शेवटीं त्या वृद्धास पुतळ्यापाशीं बसवून विचारलें. त्यानें नाक चिमटींत धरलें, मान मागें कलती केली, तोंडास तोंड लाविलें, छाती वर आली ती पाहिली, आणि म्हणाला, "ह्यां म्हंजे तोंडान वारो घालूचो." पानावर तेंच लिहिलें आहे.